सपाटीवर

चढावर ती कधीच बंद पडली नाही.
उरवाईच्या वळणांवरून, कड्यात कोरलेल्या
त्या उघड्या, शांत मूर्तींच्या पायांजवळून
कण्हत का होईना, दुसऱ्या गिअरमध्ये वर गेली.
मरायची ती झाशी रोडवर.
रस्ता सरळ, पाय हलका, मी नुकतीच गुणगुणायला लागलेली,
एक उचकी, आणि मग फक्त चाकांचा आवाज.

हेरल्ड, चौसष्ट सालची. माझ्या फंडाच्या पैशातून घेतली.
भाचा म्हणाला, मावशी, एवढ्यात काशी झाली असती.
म्हटलं, हिच्यातूनच जाऊ.

इद्रीस मिस्त्रींनी बॉनेट पुढे कलंडवलं
आणि पुढच्या टायरवर बसले, ओट्यावर बसावं तसे.
कॅप काढली. रोटर पुसला. पॉइंट नखाने उघडले.
एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा,
एकाचं झिजून दुसऱ्यावर चढलेलं.
मी काहीतरी बोलणार होते, नातेवाइकांवरून,
पण ते पान थुंकून म्हणाले,
"कंडेन्सर गया, बाई. इसमें और कुछ मत ढूँढो."

तीस वर्षं कन्या महाविद्यालयाच्या लॅबमध्ये
मी फळ्यावर कंडेन्सर काढला,
दोन समांतर रेघा, मधे काही नाही.
तो करंगळीएवढा पत्र्याचा असतो
आणि दौलतगंजात दीडशेला मिळतो
हे मला माहीत नव्हतं.

नवा बसला. पॉइंट घासले. फट पंधरा थाउ.
गेजची पाती लोण्यातल्या केसासारखी निघता कामा नये,
जरा कुरकुरत निघावी, हे शिकले.
आणि झाशी रोडवर, बैजनाथच्या गजकच्या गाडीसमोर,
ती पुन्हा मेली.
त्याने न विचारता स्टूल पुढे केलं.

मग वही घातली.
सतरा वेळा. सतराही वेळा सपाटीवर.
म्हणजे हिला कष्ट सोसतात, आराम सोसत नाही.
आमच्या घराण्यात हे नवीन नव्हे,
पण मिस्त्रींचं ऐकायचं ठरवलं होतं,
म्हणून फक्त तार शोधली.

पाय हलका असला की इंजिन हवा ओढतं,
ती ओढ एका बारीक नळीतून येते
आणि पॉइंटांची तबकडी जराशी फिरवते,
ठिणगी थोडी आधी पडावी म्हणून.
नळी सोडवली, तोंडात धरली, ओढला श्वास.
समोरच्या गच्चीवरून खेर वहिनी बघत होत्या.
साठीनंतर विडी लागली हिला, असं वाटलं असेल.
तबकडी फिरली.
चाचणीचा दिवा विझला.
सोडला श्वास, लागला.
पुन्हा ओढला. पुन्हा विझला.
चौथ्यांदा गरज नव्हती, तरी ओढला.

तबकडीखाली अर्थिंगची बोटभर वेणी,
वरून कापड शाबूत, आत तांबं तुटलेलं.
सैल असताना टोकाला टोक टेकायचं,
ताण पडला की सुटायचं.
निवृत्तीला घरी आणलेल्या मोडक्या रिओस्टॅटची
वेणी कापली, डाग दिला.

मिस्त्री बराच वेळ वाकून बघत राहिले.
"हमसे छूट गया."
कंडेन्सरचे पैसे परत देऊ लागले, मी घेईना,
शेवटी चहावर मिटलं.
भाचा म्हणतो, इलेक्ट्रॉनिक बसव, मावशी,
पुन्हा उघडावंच लागणार नाही.
मग मी काय करू?

काल झाशी रोड. पाय हलका.
कान उचकीकडे.
गजकची गाडी आली. बैजनाथने लांबूनच बघून
स्टूल उचललंही होतं.
ते त्याच्या हातातच राहिलं,
आरशात लहान होत गेलं.

पुढच्या चौकातून वळले,
त्याच्यासमोर थांबले, चावी फिरवली,
स्वतःच्या हाताने.
"आज क्या हुआ?" त्याने विचारलं.
"कुछ नहीं," म्हटलं, आणि बसले.